मशरूम घेऊन दारू सुटते का?

प्रश्न एका बहिणीचा आहे. धाकटा भाऊ, वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी. गेली काही वर्षं रोज संध्याकाळी एक-दीड क्वार्टर. सोडतो म्हणतो, दोन दिवस हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आता मित्रांनी सांगितलंय की गोव्याला जाऊन एकदा नशेचं मशरूम घे, दारूवरचं मन उडेल. परदेशात डॉक्टरच देतात, आणि त्याचं व्यसनही लागत नाही. बहीण विचारते, यात खरं किती? जाऊ देऊ का?

ताई, जाऊ देऊ नका. पण नुसतं एवढं सांगून तुमचा भाऊ ऐकणार नाही, कारण त्याच्या मित्रांच्या बोलण्यातलं बरंचसं खरं आहे. 'सगळं खोटं आहे, मेंदू सडतो' असं त्याला सांगितलंत तर तो पाच मिनिटांत मोबाइलवर शोधून तुम्हाला गप्प करेल, आणि पुढचं काहीच ऐकणार नाही. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींनी वर्षानुवर्षं सगळ्या नशा एकाच पोत्यात भरून तरुणांसमोर भाषणं ठोकली, त्याचं हे फळ आहे. म्हणून आधी खरं काय ते सांगते.

एलएसडी आणि मशरूममधलं सायलोसायबिन या भास घडवणाऱ्या द्रव्यांची तलफ दारूसारखी लागत नाही, हे बरोबर आहे. दारू, ब्राऊन शुगर, तंबाखू हे मेंदूतल्या डोपामिनच्या साखळीला पकडतात. 'पुन्हा दे' ही मागणी तिथून येते. ही दोन द्रव्यं मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहीवर (रिसेप्टरवर) काम करतात. परिणाम असा की काल घेतलेला डोस आज पुन्हा घेतला तर निम्माही चढत नाही, आणि तीन-चार दिवस ओळीनं घेतला तर जवळजवळ काहीच होत नाही. रोज घ्यायची सोयच शरीर ठेवत नाही. बंद केल्यावर हात थरथरणं, फिट येणं, असला विथड्रॉवलही नसतो. प्रयोगशाळेतले उंदीर कोकेनसाठी खाणंपिणं सोडून कळ दाबत बसतात, एलएसडीसाठी दाबत नाहीत.

२०१० साली ब्रिटनमध्ये डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी वीस नशांची हानी गुणांकन करून मांडली होती. १०० पैकी दारूला ७२ गुण, एलएसडीला ७, मशरूमला ६. हा तक्ता तुमच्या भावाच्या ग्रुपवर नक्की फिरला असणार. तक्ता खरा आहे, फक्त तो वाचायचा कसा ते कुणी सांगत नाही. ते गुण तज्ज्ञांनी आपसांत बसून दिलेले आहेत, आणि त्यांत पिणाऱ्यांचे हाल जसे मोजले तसे कुटुंबाचे, रस्त्यावरच्या अपघातांचे, सरकारी दवाखान्यांवरच्या बोज्याचेही मोजले. एखादी गोष्ट फार थोडे लोक घेत असतील तर समाजावरचा तिचा बोजा कमीच भरणार. त्यातून 'मी एकट्यानं आज घेतली तर मला सहाच टक्के धोका' असा अर्थ निघत नाही.

आपल्याकडचं चित्र केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आहे. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. भ्रम निर्माण करणारी द्रव्यं घेणारे ०.१२ टक्के. त्यामुळे सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात विचाराल तर या देशाचा प्रश्न मशरूम नाही, दारू आणि तंबाखू आहे, आणि त्यांच्यामागे अफू-हेरॉइनची जात. वर्तमानपत्रांत मात्र रेव्ह पार्टी पहिल्या पानावर आणि देशी दारूनं लिव्हर गेलेला माणूस कुठेच नाही.

मग मी 'जाऊ देऊ नका' का म्हणते? कारण 'व्यसन लागतं का' हा या द्रव्यांपुरता चुकीचा प्रश्न आहे. त्यांची हानी व्यसनाच्या वाटेनं येतच नाही, दुसऱ्या दारांनी येते.

पहिलं दार म्हणजे मिळतं ते खरं काय असतं. एलएसडीचा नेहमीचा डोस १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतका. तो शोषलेला कागदाचा चौकोन विकतात. मुलं त्याला पेपर म्हणतात, स्टॅम्प म्हणतात. त्या कागदावर एलएसडीच आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एनबोम नावाची कृत्रिम रसायनं अशाच कागदांवर एलएसडी म्हणून विकली गेली आहेत आणि त्यांनी माणसं मेली आहेत. खऱ्या एलएसडीच्या निव्वळ विषारीपणानं मृत्यू ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. महाराष्ट्रात तर नावांचाच घोळ आहे. आपल्याकडे 'एमडी' म्हणून विकतात ते मेफेड्रोन. मित्र मात्र सांगतो, 'अरे, ते एमडीएमए, परदेशात थेरपीत वापरतात तेच.' तेच नाही. मेफेड्रोनची तलफ भयंकर असते, माणूस रात्रभर पुन्हापुन्हा घेत राहतो, आठवड्यात गाल बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतून शेकडो किलो पकडलं ते हेच. केटामिन हे भुलीचं औषधही असंच 'सायकेडेलिक' म्हणजे भास घडवणाऱ्या द्रव्यांच्या छत्रीखाली येतं. त्याचं व्यसन लागतं आणि मूत्राशयाची वाट लागते, लघवीला दर पंधरा मिनिटांनी पळणारी पंचविशीतली मुलं बघायला मिळतात. म्हणजे 'याचं व्यसन लागत नाही' हे वाक्य दोन-चार द्रव्यांबद्दल खरं आहे आणि विकलं जातं दहा-बारांच्या नावावर.

मशरूमबद्दल आणखी एक. पावसाळ्यात शेणावर, ओल्या कुरणात उगवणाऱ्या काही अळंब्यांत सायलोसायबिन असतं हे खरं, पण जंगलातून तोडून आणलेल्या कुत्र्याच्या छत्र्यांत यकृत मारणाऱ्या जातीही असतात. त्यांचं विष सहा तासांनंतर उलट्या-जुलाब दाखवतं, मग एक दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, आणि नंतर लिव्हर फेल होतं. बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून घरी आणलेले पेशंट असे हातचे जातात. 'नैसर्गिक आहे' या शब्दावर भाळणाऱ्यांनी धोतरा आठवावा. तोही नैसर्गिकच आहे.

दुसरं दार घराण्याचं. तुमच्या कुटुंबात, म्हणजे आईवडील, भावंडं, मामा-मावशी, काका-आत्या यांत कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर, 'वेड लागलं होतं', 'बाहेरचं झालं होतं' असं काही घडलंय का? आपल्याकडे हे लपवतात, लग्नात तर हमखास. तरुण वयात नकळत अंगात असलेला असा आजार या द्रव्यांनी उघडा पडू शकतो. परदेशातल्या प्रयोगांत असा इतिहास असलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली नोंद बघा: अशी द्रव्यं घेऊन इमर्जन्सी विभागात यावं लागलेल्या लोकांपैकी जवळजवळ ४ टक्क्यांना पुढच्या तीन वर्षांत स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, बाकी लोकसंख्येत ते प्रमाण ०.१५ टक्के होतं. आता, इमर्जन्सीत पोचणारे हे आधीच बिघडलेले असतात, म्हणून सगळ्या घेणाऱ्यांना हा आकडा लावता येत नाही. पण मला ज्या तरुणांची काळजी वाटते ते नेमके असेच असतात.

तिसरं दार जागेचं आणि सोबतीचं. समुद्रकिनारा, रात्र, भोवती पंधरा अनोळखी माणसं, पोटात आधीच चार पेग, आणि तासन्‌तास, एलएसडी असेल तर आठ ते बारा तास, न उतरणारी ट्रिप. बॅड ट्रिपमध्ये माणूस विषानं मरत नाही, घाबरून पाण्यात शिरतो, गच्चीवरून उतरायला जातो, रस्त्यावर धावतो.

आता दुसरा मुद्दा, 'परदेशात डॉक्टर देतात.' देतात, आणि ही गोष्ट आजची नाही. १९५०च्या दशकात कॅनडाच्या सस्कॅचवानमध्ये हम्फ्री ऑस्मंड आणि एब्रम हॉफर हे मनोविकारतज्ज्ञ दारूच्या पेशंटना एलएसडी देत होते. त्यांचा मूळ तर्क मजेशीर होता. दारू तोडताना ज्या भयानक भ्रमांत पेशंट जातो, डॉक्टर ज्याला डीटी म्हणतात, तो अनुभवला की काहीजण कायमचे पिणं सोडतात. मग तसाच धक्का औषधानं द्यावा! प्रत्यक्षात पेशंट घाबरले नाहीत. ते सांगू लागले की मला माझं आयुष्य बाहेरून दिसलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या संस्थापकांपैकी बिल विल्सन, ज्यांच्या बारा पायऱ्या आज आपल्या गावोगावच्या एएच्या मिटिंगांत वाचल्या जातात, त्यांनीही १९५६ मध्ये लॉस एंजेलिसला डॉक्टरांच्या देखरेखीत एलएसडी घेऊन पाहिलं होतं आणि ते उपयोगी आहे असं त्यांचं मत झालं. संघटनेतल्या बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. पुढे १९७१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानं ही द्रव्यं सर्वात कडक यादीत टाकली आणि संशोधन जवळजवळ थांबलं.

त्या जुन्या काळातल्या सहा नीट केलेल्या चाचण्या, मिळून ५३६ पेशंट, २०१२ मध्ये नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी पुन्हा एकत्र मांडल्या. एलएसडीचा एक डोस मिळालेल्यांपैकी ५९ टक्के सुधारले, न मिळालेल्यांपैकी ३८ टक्के. फरक सहा महिन्यांपर्यंत टिकला, वर्षभरानं दिसेनासा झाला. आमच्या क्षेत्रात सहा महिने ही थोडी गोष्ट नव्हे, पण 'एकदा घेतली की सुटली' असं तर हे नाहीच.

आणि ताजी चाचणी, जिच्यावरून हा सगळा गाजावाजा चालू आहे, ती २०२२ची, न्यूयॉर्क विद्यापीठाची. भावाला हीच दाखवा. ९५ पेशंट. सगळ्यांना १२ आठवडे समुपदेशन, एकूण बारा सत्रं. मध्ये दोनदा दिवसभराचं सत्र, त्यात निम्म्यांना सायलोसायबिन आणि निम्म्यांना डायफेनहायड्रामिन, म्हणजे सर्दी-खोकल्याच्या औषधांत असतं ते झोप आणणारं द्रव्य. पहिल्या डोसनंतरच्या ३२ आठवड्यांत सायलोसायबिनवाल्यांचे भरपूर पिण्याचे दिवस ९.७ टक्के राहिले, दुसऱ्या गटाचे २३.६ टक्के. बातमी इथंच संपते. पण चाचणीत येण्यापूर्वी हे लोक साधारण निम्मे दिवस तसे पीत होते. म्हणजे ज्यांना केवळ सर्दीची गोळी आणि बारा सत्रं मिळाली, त्यांचंही पिणं निम्म्याहून खाली आलं! पन्नासवरून चोवीसवर आणणारं जे काही होतं त्यात मशरूमचा कणही नव्हता. चोवीसवरून दहावर येण्यात मशरूमचा हात असेल; तेही सावधपणे म्हणायचं, कारण आपल्याला काय मिळालं हे ९० टक्क्यांहून जास्त पेशंटनी बरोबर ओळखलं होतं. खरी गोष्ट मिळाली म्हणून हुरूप, नुसती गोळी मिळाली म्हणून निराशा, हे त्या आकड्यांत मिसळलेलं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी एमडीएमएला परवानगी नाकारली तेव्हा ही ओळखून जाण्याची अडचणही चर्चेत होती. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन वापरू दिलं, पण ते औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी, दारूसाठी नव्हे. मायक्रोडोसिंगचं, म्हणजे नशा न चढेल इतका बारीक डोस नेमानं घेण्याचं, तर काही बोलायलाच नको. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या २०२१च्या अभ्यासात रिकाम्या कॅप्सूल घेतलेल्यांनाही तेवढंच बरं वाटलं.

मला स्वतःला या संशोधनाबद्दल आकस नाही. उद्या भारतात नीट मंजुरी घेऊन, भरती करून, दोन थेरपिस्ट शेजारी बसवून कुणी हे केलं तर माझे काही हट्टी पेशंट मी पाठवीन. पण गोव्याच्या ट्रिपमध्ये त्यातलं काय आहे? बारा सत्रं नाहीत, तपासणी नाही, डोस माहीत नाही, दुसऱ्या दिवशी बोलायला कुणी नाही. शस्त्रक्रियेतून सर्जन, भूल आणि टाके वगळून फक्त सुरी घरी आणल्यासारखं आहे ते.

तुमच्या भावाच्या बाबतीत मला सर्वात जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. तुम्ही लिहिलंय की दारू थांबवली की त्याचे हात थरथरतात, घाम येतो. हा विथड्रॉवल आहे. रोज पिणाऱ्यानं अचानक दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डीटी: भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं, ताप, धावपळ. उपचार न मिळाले तर डीटीत माणूस दगावतो. आता कल्पना करा, मित्रांनी सांगितलं 'दारू पूर्ण बंद करून ये, पोट साफ ठेवून मशरूम घे', आणि तो तिसऱ्या दिवशी गोव्यात ते घेतो. त्याला भास होतायत ते मशरूममुळे की डीटीमुळे, हे भोवतालच्या कुणालाही कळणार नाही. सगळे म्हणतील, ट्रिप आहे, उतरेल. दारू तोडणं हेच या सगळ्यात जिवावरचं काम आहे आणि ते दवाखान्यातच व्हायला हवं. थायमिनची इंजेक्शनं आणि विथड्रॉवलच्या गोळ्या यांवर बहुतेकांचं आठवडाभरात निभावतं. तो डिप्रेशनच्या किंवा मूडच्या गोळ्यांवर असेल तर तेही बघायला हवं. विशेषतः लिथियम घेणाऱ्यांना या द्रव्यांसोबत झटके आल्याच्या नोंदी आहेत.

कायद्याचंही थोडं सांगते, मी वकील नाही तरी. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात एलएसडीचं 'अल्प प्रमाण' म्हणजे २ मिलिग्रॅम आणि 'व्यापारी प्रमाण' ०.१ ग्रॅम. द्रव्य मायक्रोग्रॅममध्ये असलं तरी कागदाचा चौकोन काही मिलिग्रॅमचा असतो, आणि वजन कागदासकट धरायचं की कसं यावर खटले झाले आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये कागदासकट धरायला सांगितलं. त्या हिशेबानं मित्रांसाठी म्हणून खिशात ठेवलेले मोजके पेपर माणसाला किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या कलमात नेऊन बसवतात आणि जामीनही सहजी मिळत नाही. याच कायद्यातलं ६४-अ कलम स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सवलत देतं, पण ते 'व्यसनी' माणसासाठी. ज्या नशेचं व्यसनच लागत नाही ती घेणाऱ्या पोराला ते दार उघडणार कसं? धोरण ठरवणाऱ्यांनी यावर विचार करायला हवा असं माझं मत आहे. पण तुमच्या भावाचं आयुष्य धोरण बदलायची वाट बघू शकत नाही.

मग करायचं काय? त्या एम्सच्या पाहणीतला आणखी एक आकडा आहे, तो मला मशरूमच्या सगळ्या बातम्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळतो. आणि उपचार आहेत. नॅल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम रोज, लिव्हर तपासून; पिण्यातली मजा ती कमी करते. अकॅम्प्रोसेट, सोडल्यानंतर टिकून राहायला. डायसल्फिराम, जिच्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल, धडधड, उलट्या. या शेवटच्या गोळीबद्दल हात जोडून सांगते, ती कुणालाही न सांगता भाजीत-आमटीत मिसळून देऊ नका. 'पेशंटला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतीभिंतीवर असतात. नकळत दिलेल्या डायसल्फिरामवर एखाद्यानं क्वार्टर मारली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि वाचला तरी घरच्यांवरचा त्याचा विश्वास संपतो.

पुण्यात तुम्हाला लांब जायला नको. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तिथंच आहे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. फोनवर आधी बोलायचं असेल तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत. भावाला 'तू व्यसनी आहेस, चल' असं म्हणू नका. 'मशरूमचा विचार केलास म्हणजे तुला सुटायचंय, हे मला कळलं. आधी डॉक्टरला विचारू, मग तू ठरव' असं म्हणा. डॉक्टरसमोर मशरूम, गांजा, काय काय घेतलंय ते सगळं त्यानं मोकळेपणानं सांगावं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्यासमोर नको म्हणाला तर तुम्ही बाहेर बसा.

आणि तरीही तो मित्रांबरोबर गेलाच, तर निदान एवढं पक्कं करा: दारू अचानक तोडून जायचं नाही, एकट्यानं काही घ्यायचं नाही, सोबत एक जण पूर्ण शुद्धीत हवा. ताप, फिट, छातीत दुखणं, किंवा माणूस नावानं हाक मारल्यावर ओळखत नाही असं दिसलं की उतरायची वाट न बघता १०८ ला फोन. दवाखान्यात काय घेतलं ते पोलिसांच्या भीतीनं लपवायचं नाही, कारण डॉक्टर उपचार त्यावरूनच ठरवतात.

पहिल्या भेटीला तो आला नाही तरी तुम्ही एकट्या या. घरच्यांनी आधी येऊन चार गोष्टी समजून घेतल्या की, भांडण कधी टाळायचं, पैसे कधी द्यायचे नाहीत, प्यायलेला असताना का बोलायचं नाही, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांत पेशंट स्वतः आला, असं आमच्याकडे पुष्कळदा होतं. येताना घरातल्या आजारांची माहिती आणि त्याच्या चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा.